मी मंजूर केलेले दवाखाने

खासगी दवाखान्यात शिरलं की समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक सरकारी कागद लावलेला दिसतो. खाली गोल शिक्का, शिक्क्यावर साहेबांची लांबलचक सही आणि डाव्या कोपऱ्यात 'तपासणी केली' या शब्दांखाली एक बारीक सही. ती बारीक सही कुणी वाचत नाही, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. बेळगाव, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ती माझी असायची. संपादकांनी खात्यातल्या गमती लिहा म्हणून सांगितलं आहे. गमती आहेत. त्या आधीच सांगून टाकतो, कारण एकदा पुढचं लिहायला घेतलं की परत तिकडे वळणं माझ्याच्यानं होणार नाही.

मी आरोग्य निरीक्षक होतो. सुरुवातीला विहिरीत पावडर टाकणे, हॉटेलातल्या भजींवरच्या माश्या हाकलणे, गटारी तपासणे अशी कामं होती. आणीबाणी उठून गेली, त्याच सुमाराला खासगी दवाखान्यांनी आणि बाळंतपणाच्या घरांनी सरकारात नोंदणी करायची, काही किमान सोयी ठेवायच्या आणि त्या तपासून घ्यायच्या, असं आमच्याकडे काम आलं. तपासणीला डॉक्टर साहेब असायचे, पण ते बहुतेक वेळा जीपमध्येच बसून राहायचे. मोजायची फीत घेऊन आत मी जायचो.

कामात अवघड असं काही नव्हतं. छापील फॉर्म होता, त्यात रकाने होते. खाटा किती, दोन खाटांत अंतर किती, बाळंतपणाची खोली वेगळी आहे का, हत्यारं उकळायची सोय आहे का, प्राणवायूची टाकी आहे का, शिकलेली नर्स आहे का, डॉक्टर आहे का. बहुतेक रकान्यांपुढे 'आहे' आणि 'नाही' एवढंच छापलेलं. नको असेल त्या शब्दावर काट मारायची. टाकी आहे का, हे फॉर्म विचारायचा. ती भरलेली आहे का, हे विचारत नव्हता.

माझा बाप निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल होता, आई तिथंच तंबाखू चाळायची. आमच्या वस्तीतला मी पहिला सरकारी नोकर. मला वर्गात बसायला मिळालं ते नियमामुळे, शिष्यवृत्ती मिळाली ती नियमामुळे आणि नोकरी लागली तीही नियमामुळेच. ओळख, वशिला, 'आपला माणूस आहे, बघा जरा' हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं. म्हणून नियमावर माझा जीव होता. हातात फीत घेऊन मी एखाद्या बड्या डॉक्टरच्या घरात शिरलो आणि त्यानं लगबगीनं खुर्ची पुढं केली की माझी छाती फुगायची. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

आता गमती. येळ्ळूरला एक म्हातारे वैद्य होते. ओसरीवर दोन बाजा टाकून ते रोगी ठेवून घ्यायचे. मी कानडी फॉर्म पुढं ठेवला आणि मराठीत समजावून सांगितला.

"नोंदणी कुठल्या सरकारात करायची म्हंतासा?" त्यांनी विचारलं. "आमचं सरकार आजून यायचं हाय."

"आप्पा, ते येईस्तोवर बाजा तरी मोजू द्या."

"मोजा की. पर लिवू नका."

मी बाजा मोजल्या, चहा प्यालो आणि कोरा फॉर्म घेऊन परत आलो. साहेबांनी विचारलं तर 'वैद्य गावाला गेलेत' म्हणून सांगितलं. पुढं म्हातारपणामुळे त्यांनी आपणच बाजा उचलल्या आणि माझी सुटका झाली.

दुसरी गंमत कंग्राळीकडची. दसरा नुकताच झाला होता. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. एका दवाखान्यात प्राणवायूच्या टाकीला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातलेली दिसली. बरं वाटलं. दोन दिवसांनी शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात गेलो, तर तीच टाकी, तीच माळ, झेंडू थोडे अधिक सुकलेले. शनिवारी तिसरीकडे गेलो. तिथं टाकी होती, माळेचा नुसता दोरा राहिला होता. तिन्ही डॉक्टर मित्र होते आणि आमच्या तपासणीच्या तारखा त्यांना आधी कळत होत्या. मी तिन्ही फॉर्मांत 'नाही'वर काट मारली. टाकी डोळ्यांसमोर होती, मग नाही कसं म्हणायचं? कचेरीत ही गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आणि दर वेळी सगळे पोट धरून हसले.

गमती संपल्या.

माझी धाकटी बहीण सुमन सदलग्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. त्याच खेड्यात हौसाक्का राहायची. हौसाक्का आमच्याच समाजातली. मिशनच्या दवाखान्यात सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलेली, पुढं निपाणीत आमच्याच वस्तीत राहून सरकारी दवाखान्यात नर्स होऊन निवृत्त झालेली आणि मग गावी परतलेली. राहत्या घराच्या दोन खोल्यांत चार बाजा टाकून तिनं बाळंतपणाचं घर चालवलं होतं. ज्या घरांत तिला लहानपणी वरून पाणी ओतत, त्या घरांतल्या लेकी आता तिच्याकडे बाळंत व्हायला येत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, त्यामुळे आसपासच्या सगळ्या गावांतल्या माहेरवाशिणी तिच्याकडेच.

तिच्या घराची तपासणी माझ्याकडे आली तेव्हा सुमन म्हणाली, "दादा, तेवढं आक्काचं नीट कर गा."

मी तिच्यावर खेकसलो. "नीट म्हणजे काय? जे असेल ते लिहीन. दुसऱ्यांनी वशिला लावला की आपण बोंब मारायची आणि आपली वेळ आली की आपणही तेच करायचं?"

हे बोललो खरा, पण मनातून मलाही हौसाक्काचं काम व्हायला हवं होतं. ते कागदावर बसवून व्हावं, एवढीच माझी इच्छा. चिकोडीतले एक डॉक्टर नुसतं नाव द्यायला तयार होते. त्यांच्याशी मी बोलून ठेवलं होतं.

तपासणीच्या दिवशी जीप दारात थांबली. साहेब आतच बसले. मला कडेवर घेऊन फिरलेली हौसाक्का त्या दिवशी मला 'या साहेब' म्हणाली आणि मला ते आवडलं.

फॉर्म तिनं स्वतःच्या हातानं भरून ठेवला होता. वाचू लागलो आणि माझं डोकं फिरलं. डॉक्टर: नाही. बाळंतपणाची वेगळी खोली: नाही, मधे पडदा लावतो. प्राणवायू: नाही. खोलीत विस्तव असतो का, या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'होय. शेगड्या चार.' बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची, ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, ही आमच्या भागातली रीत. नियमाप्रमाणे खाटेखाली विस्तव चालत नव्हता. आत डोकावलो तर चारांपैकी दोन बाजांखाली शेगड्या धुमसत होत्या आणि वर दोन बायका शांत झोपल्या होत्या.

"आक्का, आजच्या पुरत्या शेगड्या परसात नेऊन ठेव. मी पाच मिनिटांनी परत आत येतो."

"आनि तुमी गेल्यावर मी परत आत आणणार न्हवं? मग आज काढून कुणाला फशिवू?" ती म्हणाली. "शेगडी न्हाय म्हटलं तर एक आई लेकीला हितं आणायची न्हाय. घरातल्या अंधारात बाळंत करतील. मी हाय तर निदान नाळ उकळल्याली कात्री लावून कापती."

मी डॉक्टरांच्या नावाचं सांगितलं.

"ते हितं येणार हायत काय?"

"येणार नाहीत. नाव राहील."

"मग बाईला रगत जायला लागलं तर मी त्या नावाला हाक मारू व्हय?"

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता. गेल्या काही वर्षांत बाळंतिणी दगावल्या असल्यास तपशील. मी इतके फॉर्म तपासले, त्या रकान्यात 'नाही' सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. हौसाक्कानं तिथं दोन बायकांची नावं लिहिली होती, गावासकट.

"आक्का, हे कुणी लिहीत नाही."

"मेल्यात त्या, येसू. लिवायचं न्हाय तर काय करायचं?" साहेब म्हणायचं ती विसरली. "तू मॅट्रिक झालास तवा वस्तीत पेढं मी वाटलं हुतं. खोटं लिवायला सांगायला शिकलास व्हय रं तू?"

जीपचा ड्रायव्हर दारात उभा राहून ऐकत होता. मी फॉर्म घेऊन बाहेर आलो. साहेबांनी तो वरवर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "यशवंतराव, ही तुमच्याच लोकांपैकी न्हवं? मग बघा, काय लिहायचं ते तुम्हीच लिहा."

ते चांगल्या मनानं म्हणाले की टोचून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा टोचलं एवढं खरं. आत एका म्हातारीनं मला खोटारडा ठरवलं होतं आणि बाहेर साहेब बघत होते, हा आपल्या माणसाला सूट देतो की नाही. जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून मी 'नामंजूर' लिहिलं आणि खाली सही केली.

महिन्याभरानं बोर्ड उतरवायलाही मीच गेलो. पत्र्याचा लहानसा बोर्ड होता. आक्कानं तो आधीच काढून, पुसून भिंतीला टेकवून ठेवला होता. घर चालू ठेवलंत तर खटला होईल, असं मी तिला रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ठेवत न्हाय." आणि खरंच ठेवलं नाही. बंदीनंतरही चोरून चालवणारे मी ढिगानं पाहिले. ती बाई दारात आलेल्यांना परत पाठवत राहिली. चारांतली एक शेगडी तिनं सुमनला देऊन टाकली.

त्याच वर्षी निपाणीत एक नवा दवाखाना निघाला. त्याचं नाव लिहीत नाही. भिंतींना पांढऱ्या फरशा, खाटांत हवं तेवढं अंतर, टाकी, वेगळी खोली, सगळं होतं. डॉक्टर आठवड्यातले बहुतेक दिवस कोल्हापूरला असतात, हे मला गावात कळलं होतं. पण त्यांचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं आणि ते स्वतः त्या दिवशी समोर उभे होते. मी सगळीकडे 'नाही'वर काट मारली. निघताना तिथल्या नर्सला बजावलं, "ज्याचं नाव नोंदीत नाही, असं माणूस बाळंतपणाच्या खोलीत येता कामा नये." तिनं ते मनावर घेतलं.

सुमनची थोरली लेक शालन. मामा मामा करत माझ्या फितीशी खेळायची, भावंडांना बाजेला बांधून त्यांची लांबी मोजायची. तिचं लग्न झालं आणि दीड-दोन वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळी. सुमन तिला घेऊन आधी हौसाक्काच्या दारात गेली. आक्कानं तपासलं आणि म्हणाली, "पोर आडवं वाटतंय. माझ्याकडं ना कागद, ना डॉक्टर. कोल्हापूरला सरकारी दवाखान्यात नेऊया." एक टेम्पो मिळाला. आक्का अंगावरच्या लुगड्यानिशी टेम्पोत बसली.

निपाणीत मुख्य रस्त्यावरच तो दवाखाना लागतो. तिथं टेम्पो थांबला.

चिकोडीच्या कचेरीत निरोप आला आणि मी बसनं निपाणीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मूल बाहेर आलं होतं, मुलगी. शालनचं रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर कोल्हापूरहून निघालेत, असं कंपाउंडर सांगत होता. ते दुपारपासूनच निघाले होते. हौसाक्का बंद दारावर हात आपटत होती.

"मला आत सोडा. पोटावर दाबून धराय पायजे तिच्या. माझं ऐका कुणीतरी."

नर्सनं मला ओळखलं. "साहेब, ह्या बाईंचं नाव रेकॉर्डवर नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

मी नर्सला बाजूला ढकलून दार उघडलं. आक्का आत धावली. मी बाहेर बाकावर बसलो. समोर चौकटीत तो कागद होता आणि डाव्या कोपऱ्यात माझी सही. आतून आक्काचा आवाज येत होता, "टाकी लाव की गं," आणि नर्सचा, "टाकी रिकामी हाय." किती वेळ गेला ते सांगता येत नाही. आक्का बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत हात लाल होते. ती माझ्याकडे न बघता मोरीकडे गेली आणि हात धूत राहिली.

शालन गेली होती. त्यांनी तिला चादरीत गुंडाळून टेम्पोत ठेवलं आणि कागदावर लिहिलं, 'पुढील उपचारासाठी कोल्हापूरला रवाना.' तो कागद हातात घेऊन मी वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. त्या वेळी मी तो फाडला नाही, कुणाची गचांडी धरली नाही, पोलिसांत गेलो नाही. इतकी वर्षं कागद नीट सांभाळायची सवय झालेला माणूस मी, तो कागदही नीट सांभाळला. याबद्दल मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही आणि करावं असं मला वाटतही नाही.

पोर अगदी एवढीशी होती. हौसाक्का सुमनच्या घरी येऊन राहिली आणि तिनं तीच शेगडी बाजेखाली ठेवून ते बाळ जगवलं. मी पंधरा दिवसांनी गेलो. खोलीत ओव्याचा वास होता. सुमन बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. रडून झालं होतं तिचं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आक्का कोल्हापूरला न्या म्हणत होती ना?"

"म्हणत हुती," सुमन म्हणाली. "मीच न्हाय म्हटलं, दादा. टेम्पो थांबला, म्या पाणी मागाय आत गेली. भिताडावर तुझी सही दिसली. म्हटलं दादानं बघिटलंय म्हंजे हितं सगळं नीट असणार. शालनला बी दाखीवली. ती म्हणली, मामाची सही हाय, हितंच ऱ्हाऊया आई. तुझी सही बघूनच आत गेलतो रं."

हौसाक्का चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही. मी तिथून उठलो आणि त्या घरात परत जायला मला कितीतरी वर्षं लागली. आक्का तोवर गेली होती.

पुढच्या वर्षी त्या दवाखान्याचा नूतनीकरणाचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. टायपात सुरेख भरलेला. आहे, आहे, आहे. बाळंतिणी दगावल्या असल्यास तपशील: नाही. मी साहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, त्यांना वाईट वाटलं हेही दिसलं.

"कागद काय हाय तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं.

"रवाना केल्याचा."

"म्हंजे त्यांचं म्हणणं खरं ठरवणाराच. यशवंतराव, ह्या फॉर्मात कुठला रकाना बरोबर न्हाय, तेवढं दाखवा. मी आत्ता नामंजूर करतो."

मी फॉर्म दोनदा वाचला. सगळे रकाने बरोबर होते.

टेबलाशी परत येऊन मी कपाट उघडलं आणि हौसाक्काची बंद केलेली फाईल काढली. शेवटच्या रकान्यात तिच्या टपोऱ्या अक्षरातली ती दोन नावं होती आणि खाली एक ओळ मोकळी. शालनचं नाव सरकारात कुठंच नव्हतं. ते कुठंतरी असावं म्हणून मी पेन उघडलं आणि त्या मोकळ्या ओळीवर टेकवलं. मग वाटलं, शालन तर आक्काच्या घरी दगावली नाही. कपाटातल्या एवढ्या ढिगात हा एकच कागद खरा होता आणि त्यावर मी खोटं लिहायला निघालो होतो. मी फाईल मिटून जागच्या जागी ठेवली. पेन अजून उघडंच होतं. त्याच पेनानं निपाणीच्या फॉर्मवर डाव्या कोपऱ्यात मी सही केली.